न चावणारा जोडा

कारखान्यात सगळ्यांना बसायला काही ना काही होतं. शिवणाऱ्या बायकांना स्टुलं होती, मास्तरांना लाकडाचा ओंडका होता, मालकांना फिरती खुर्ची होती. पायकाकूंना मात्र काही नव्हतं, कारण त्यांचं काम चालण्याचं होतं.

उभ्यानं काम करणाऱ्या बायकांसाठी तिथे जोडे बनत. नर्सा, दुकानात विक्रीला उभ्या राहणाऱ्या मुली, हॉटेलात वाढणाऱ्या बायका. नवा नमुना आधी एकाच मापात तयार होई, आणि ते माप पायकाकूंच्या पायाचं. सकाळी आल्या की त्या घरची चप्पल कोपऱ्यात सारत, नवा जोड पायात घालत आणि चालू लागत. कापणीच्या टेबलापासून गोदामापर्यंत, गोदामाच्या लोखंडी जिन्यानं वर, वरून खाली. मधेच एका जागी उभ्या राहत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत, डोळे मिटत. नवख्या माणसाला वाटे, बाई प्रार्थना करतेय. त्या पायाला विचारत असत.

आणि पाय उत्तर द्यायचा. बाकीचे लोक म्हणतात, जोडा लागतो. काकूंचा पाय एवढ्यावर थांबत नसे. इथे रुततं, इथे घासतं, इथे आतून काहीतरी सलतं, इथे सकाळी काही नाही पण दुपारनंतर काचतं. त्या सांगत आणि मास्तर ऐकत, म्हणजे ऐकून घेत.

मास्तर कलबूत बनवत. कलबूत म्हणजे जोड्याच्या आतला लाकडी पाय. त्यावर कातडं ताणून जोडा उभा करतात. कलबूत चुकलं की वरचं सगळं चुकतं. मास्तर ते हातानं घडवत, कानशीनं घासून घासून, आणि प्रत्येक नव्या कलबुतावरचा पहिला जोड काकूंच्या पायात जाई.

"मास्तर, करंगळीला चावतोय."

"काकू, लाकडाला दात नसतात."

"नसतात ना? मग हे काय?" असं म्हणून काकू मोजा काढून लाल झालेली करंगळी दाखवत.

"तुमची करंगळीच वाकडी आहे."

"माझी वाकडी असू द्या. तुमच्या डोक्यापेक्षा सरळच आहे."

आजूबाजूचे हसत. मास्तर कलबूत उचलून पुन्हा ओंडक्यावर बसत. दोघांचं हे भांडण इतकी वर्षं चाललं होतं की कारखान्यात कुणी नवीन आलं तर त्याला वाटे, हे नवरा-बायको असावेत. तसं काही नव्हतं. मास्तर एकटे राहत. काकू आपल्या नणंदेबरोबर राहत. दोघी विधवा, एका स्वयंपाकघरात दोन मतं.

काकूंना साखर आहे हे कळलं ते अपघातानंच. मालकांनी कारखान्यात रक्ततपासणी ठेवली होती, विमा कंपनीला हवी होती म्हणून. कागद आले आणि काकूंच्या कागदावर एका आकड्याखाली लाल रेघ होती. जेवणाच्या सुट्टीत तो कागद सगळ्यांच्या हातून फिरला.

"काकूंना साखर?" सोल्युशनवाला म्हणाला. तळ चिकटवायचं काम त्याचं. हात सदा चिकट आणि मत सदा तयार. "अहो, यांच्या अंगावर मूठभर मांस नाही. साखर जाड्या माणसांना होते. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार."

"आणि दिवसभर चालतात त्या," शिलाईवाली वहिनी म्हणाली. "डॉक्टर लोक चाला चाला म्हणून कानीकपाळी ओरडतात. चालून साखर होत असेल तर आपण सगळे बसलेलेच बरे."

"चहात साखर किती घेता?"

"अर्धा चमचा."

"बघा! अर्ध्या चमच्यानं कुणाला होते का?"

काकू ऐकत होत्या. त्यांना हे सगळं रंजक वाटत होतं. आपल्याच घराबद्दल शेजारीपाजारी बोलताहेत आणि आपण खिडकीतून ऐकतोय, तसं. सोल्युशनवाल्यानं बोलता बोलता आपला पेला त्यांच्या पेल्यापासून जरा दूर सरकवला, तेही त्यांनी पाहिलं.

"अरे, साखर म्हणजे काय खरूज आहे?"

"नाही हो काकू, असंच."

"असंच कसं? ये, माझ्या पेल्यातला एक घोट पी. गोड लागलं तर सांग."

सगळे हसले. त्यानं पेला परत जागेवर आणला, पण काकूंच्या पेल्यातलं पाणी काही प्याला नाही.

घरी वन्संनी मात्र हसणं वगैरे केलं नाही. वन्संना या विषयात अधिकार होता. त्यांच्या नवऱ्याला साखर होती आणि तो तिच्यातच गेला.

"आता भात बंद," वन्सं म्हणाल्या. "फळं बंद. केळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. सकाळी कडू पाल्याचा रस. कडू पोटात गेलं की गोड उतरतं."

"उतरून जातं कुठे, वन्सं?"

"मला काय विचारतेस? उतरतं. आणि एक सांगून ठेवते, डॉक्टर गोळ्या देतील त्या घे, पण सुई म्हणाले तर उठून यायचं. ह्यांना सुई सुरू केली आणि पाठोपाठ पाय गेला. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत. सुई म्हणजे शेवटची पायरी."

डॉक्टरांनी सुईचं नाव काढलं नाही, गोळ्या दिल्या. काकूंनी घेतल्या. थोड्या दिवसांनी बरं वाटायला लागलं. तसं आधीही त्यांना काही वाईट वाटत नव्हतंच. मग एखादा दिवस गोळी राहून जाऊ लागली, मग आठवण झाली की घ्यायची असं ठरलं, मग डबी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. कडू रस मात्र चालू होता, कारण तो वन्सं समोर उभं राहून पाजत.

कुणी विचारलं तर त्या म्हणत, "आहे, पण थोडीशी."

हे थोडीशी कुठून आलं? कागदावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, डॉक्टर तसं बोलले नव्हते. ते काकूंनी पायाला विचारून ठरवलं होतं. दुखतंय का? नाही. चालवतंय का? हो. मग थोडीशीच असणार. जिनं आयुष्यभर दुखण्यावरून खरंखोटं ठरवलं, तिला न दुखणारा आजार खरा कसा वाटावा? एक काळ रात्री तळव्यांना मुंग्या येत, चादरसुद्धा जड वाटे. पुढे मुंग्या आपोआप थांबल्या. वन्सं म्हणाल्या, रसाचा गुण. काकूंनाही ते पटलं. मुंग्या येतात आणि जातात. निघून जाताना त्या काय काय घेऊन गेल्या, ते कोण बघतो.

त्यानंतरच कधीतरी मास्तरांनी ते कलबूत घडवलं.

नर्सांच्या नव्या जोड्यासाठी होतं ते. टाच जरा आवळलेली, मधे कमान उचललेली, पुढे बोटांना जागा. मास्तरांनी त्यावर जीव टाकला होता. पहिला जोड तयार झाला तेव्हा त्यांनी तो स्वतः आणून काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि वादाच्या तयारीनं हाताची घडी घालून उभे राहिले.

काकूंनी जोडा घातला, फेरी मारली, जिना चढल्या, उतरल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, मास्तर. कुठेच काही नाही."

मास्तरांना आधी ही थट्टा वाटली. त्यांनी दिवसभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. आठवडाभर काकू त्या जोड्यात फिरल्या आणि पाय काहीच बोलला नाही. मग मास्तर हसले. कापणीवाल्यानं त्यांचे पुढचे दात पहिल्यांदाच पाहिले म्हणे. कलबूत हातात घेऊन ते कारखानाभर फिरले. "लाकडाला दात नसतात, मी म्हणत होतो की नाही?" मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शिलाईवाली वहिनी म्हणाली, "मास्तर, आता तुम्ही दोघं बोलणार कशावर?"

काकूही खूश होत्या. तरी मनात एक लहानसं कुतूहल होतं. घरी परत येताना त्या आपल्या जुन्या चपलेकडे पाहत. हीसुद्धा हल्ली चावत नाही. पूर्वी अंगठ्यापाशी चावायची. चप्पल सुधारली की काय? त्या स्वतःशीच हसल्या आणि तो विषय तिथेच सोडला. माणूस सुखाची चौकशी करत नाही. चौकशी करायची ती दुःखाची.

पुढे त्याच आकारावर हातानं घडवलेल्या मोजक्या मापांचे थोडे जोडे बाजारात गेले आणि त्यातले काही परत आले. मागून टाचेला चावतात, अशी तक्रार होती. मालक म्हणाले, मुली हल्ली फार पातळ मोजे घालतात. मास्तर म्हणाले, शिवण जाड घेतली असेल. शिलाईवाली वहिनी म्हणाली, माझ्या शिवणीला नावं ठेवू नका, आधी तुमचं लाकूड बघा. मग मास्तरांनी हुकमाचं पान टाकलं, "काकूंचा पाय आठवडाभर फिरलाय त्यात." काकूंचा पाय म्हणजे कोर्ट. त्याच्यावर अपील नाही.

मालकांनी ठरवलं की हेच कलबूत पक्कं करायचं. ते बाहेर यंत्रावर पाठवायचं, त्यावरून सगळ्या मापांची प्लास्टिकची कलबुतं पाडून घ्यायची. मग नर्सांचे, विक्रेत्या मुलींचे, सगळ्यांचे जोडे त्याच आकारावर निघणार. "पाठवायच्या आधी काकू, एकदा शेवटचं चालून घ्या," ते म्हणाले. काकू आणखी काही दिवस त्यात चालल्या. पाय गप्प होता. कलबूत सोमवारी जाणार असं ठरलं.

त्या शनिवारी संध्याकाळी वन्सं फरशी पुसत होत्या आणि थांबल्या.

"वहिनी, हे काय सांडलंस?"

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर तपकिरी ठिपके होते, एका ओळीत, पावलापावलावर एक.

"मी कुठे काय सांडलं?"

"मग हे चहाचे थेंब तुझ्या मागे मागे चालत आले का? पाय दाखव."

काकूंनी पाय पुढे केला.

"पुढून नको, मागून दाखव. बाई गं!"

टाचेच्या वर, जिथे जोड्याची मागची कड येते, तिथे रुपयाएवढं कातडं निघालेलं होतं. मोजा त्याला चिकटला होता. जखम आजची नव्हती; कडा पांढऱ्या झाल्या होत्या. वन्सं खाली बसल्या.

"दुखत नाही तुला?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"अहो वन्सं, खरंच नाही." काकूंनी वाकून, मान वळवून टाच बघायचा प्रयत्न केला. माणसाला स्वतःची टाच दिसत नाही. त्यांनी वन्संचा हात-आरसा मागितला आणि त्यात पाहिलं. आरशात एक टाच होती, एक जखम होती. ती कुणाचीही असू शकली असती. घाबरण्याऐवजी त्या बघतच राहिल्या. बोटानं जखमेच्या कडेला हळूच दाबलं. बोटाला टाच लागली. टाचेला बोट लागलं नाही.

"ह्यांचंही असंच होतं," वन्सं म्हणाल्या. "बुटात खडा होता. दिवसभर हिंडले त्या खड्यावर. रात्री बूट काढला तेव्हा मला दिसला."

"हे सुई सुरू व्हायच्या आधी की नंतर?"

वन्सं बादलीकडे वळल्या. फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. पाणी केव्हाच निघून गेलं होतं.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरांनी जखम पाहिली, रक्तातली साखर पाहिली, आणि काकूंकडे असं पाहिलं की काकूंना कपाटावरची डबी आठवली. साखर खाली येऊन जखम भरेपर्यंत तरी इन्सुलिन घ्यायला हवं, असं ते म्हणाले. मग पायाची तपासणी करायला त्यांना आतल्या खोलीत सिस्टरकडे पाठवलं.

काकूंची सवय अशी की माणूस समोर आला की त्या आधी त्याचे पाय बघत, मग तोंड. सिस्टरच्या पायात त्यांच्याच कारखान्याचा जोड होता. मास्तरांचं नवं कलबूत, शंकाच नाही. कमानीचा उठाव त्यांनी लगेच ओळखला. पण जोड्याची मागची बाजू चुरगाळून खाली दाबलेली होती, सपाट, स्लिपरसारखी. आणि मोज्यातून पट्टीचा चौकोन दिसत होता.

"सिस्टर, जोडा असा का घातलाय?"

"काय करू मग? मेला टाचेला चावतो. पहिल्याच दिवशी सोलून निघाली. आमच्या इथे सगळ्याजणी असाच घालतात. कोण बाई तपासते हे जोडे, देव जाणे. तिला पाय आहेत की नाहीत?"

काकूंनी चप्पल काढली. त्या टेबलावर चढल्या आणि पाय लांब केले.

सिस्टरनं एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक धागा होता, गळाच्या दोरीसारखा. "डोळे मिटा. मी हा धागा पायाला टेकवणार. कळलं की हो म्हणायचं. सोपं आहे."

काकूंना हसू आलं. डोळे मिटून पायाला विचारायचं; हे काम तर त्यांचं स्वतःचंच. इतकी वर्षं पगार घेतला तो याच परीक्षेचा. त्यांनी डोळे मिटले.

पिंढरीला धागा लागला. "हो." घोट्याच्या वर लागला. "हो." मग थोडा वेळ गेला. मग तळव्याला, अंगठ्याच्या खाली, अगदी स्पष्ट. "हो."

कुठेतरी नळ गळत होता.

"काकू," सिस्टर म्हणाली, "या वेळी मी टेकवलाच नाही."

काकूंनी डोळे उघडले. धागा सिस्टरच्या हातात, त्यांच्या पायापासून वीतभर लांब होता.

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना खरंच जाणवलं होतं. कुणीतरी हाक मारली असं वाटून दार उघडावं आणि बाहेर कुणी नसावं, तसं. पाय आता कळत असलेलं सांगत नव्हता. त्याला आपलं काम आठवत होतं, तो आठवणीतून बोलत होता.

"परत करा," त्या म्हणाल्या.

सिस्टरनं परत केलं. या वेळी काकूंनी घाई केली नाही. अंगठा, बोटं, चवडा, टाच. सिस्टर टेकवत होती आणि काकू डोळे मिटून वाट पाहत होत्या, आणि काही येत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "सिस्टर, पेन आहे? जिथून कळायला लागतं तिथे रेघ मारता?"

"रेघ कशाला?"

"मला बघायचंय कुठवर गेलंय ते."

सिस्टरनं असं मागणारी बाई कधी पाहिली नव्हती. तिनं निळ्या पेननं घोट्याच्या जरा खाली वेडीवाकडी रेघ काढली, दोन्ही पायांवर. काकू त्या रेघेकडे नकाशाकडे बघावं तशा बघत होत्या. रेघेच्या वर त्या स्वतः होत्या. खाली जे होतं ते अजून त्यांना उचलून नेत होतं, फक्त खबर पाठवत नव्हतं.

"हे परत येतं?"

"गेलेलं पूर्ण परत येईलच असं नाही. साखर ताब्यात ठेवलीत तर पुढे सरकणं थांबवता येतं. आणि रोज पाय बघायचे. कळत नाही ना, मग बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा घ्या, कुणाला तरी दाखवा."

"माझ्या घरात म्हणतात, सुई घेतली की पाय जातो."

"उलटं आहे," सिस्टर म्हणाली. ती औषधाची पट्टी कापत होती, वर न बघता बोलत होती. "लोक गोळ्या सोडतात, काही होत नाही म्हणून सुईला नको म्हणतात, जखम झालेली कळत नाही. सगळं हाताबाहेर गेल्यावर सुई घेतात आणि तोवर पाय गेलेला असतो. मग घरचे कुणाला बघतात? सुईला. इन्सुलिन काय विष नाही काकू. ते तुमच्या माझ्या पोटातच बनतं. तुमचं कमी पडतंय, म्हणून बाहेरून."

"आणि मी तर साखर अर्धाच चमचा घेत होते."

"चहाच्या चमच्यावरून हे ठरत नाही. बारीक माणसालाही होते, चालणाऱ्यालाही होते. भात बंद केलाय का?"

"वन्संनी केलाय."

"त्यांना सांगा, किती आणि कशाबरोबर खायचं ते मी सांगते. उपाशी ठेवून सुई देऊ नका म्हणावं, चक्कर येऊन पडाल. पुढच्या वेळी घेऊन या त्यांना." मग ती जराशी थांबली. "तुम्ही काम काय करता?"

काकूंनी तिच्या चुरगाळलेल्या जोड्याकडे पाहिलं. "तुमचे जोडे तपासते," त्या म्हणाल्या.

सिस्टरचा हात पट्टीवरच राहिला.

"बोललात ते बरोबर बोललात," काकू म्हणाल्या. "पाय नाहीत मला. पण हे मलाही आत्ताच कळलंय."

रविवारभर काकू घरात पाय वर करून पडल्या होत्या. वन्संनी भात केला आणि वाटीत मोजून वाढला. काकूंना आजाराची काळजी होतीच, पण मनात फिरत होतं ते कलबूत. उद्या ते जाणार. त्या गप्प राहिल्या तर कुणाला काही कळणार नाही. तक्रारी येतील, पातळ मोज्यांवर जातील, आणि काकूंचं काम चालू राहील. बोलल्या तर काम जाणार. साठीकडे झुकलेल्या बाईला पाय सोडून दुसरं काय येतं? आणि मास्तरांचं ते हसणं. इतक्या वर्षांत एकदाच हसलेला माणूस. आपण गप्प राहायचं का नाही, हे ठरवायला त्यांना सवयीनं पायालाच विचारावंसं वाटलं.

सोमवारी त्या लवकर गेल्या. मास्तर कलबूत कापडात गुंडाळत होते.

"मास्तर, ते पाठवू नका."

"का? आता काय? करंगळी?"

"टाच चावते त्याची."

"तुम्हीच तर म्हणालात काही नाही."

"मला कळत नाही मास्तर. माझे पाय बधिर झालेत. साखरेनं." त्यांनी चपलेतून पाय काढला, मोजा खाली केला. पट्टी दाखवली, निळी रेघ दाखवली. "या रेघेखाली मी नाही. तुमचा जोडा मला चावत होता, रक्त काढत होता, आणि मी म्हणत होते काही नाही."

मास्तरांनी वाकून त्या पायाकडे पाहिलं. काकूंना वाटलं, आता हा माणूस म्हणेल, काळजी घ्या. पण मास्तर तसे नव्हते.

"म्हणजे माझं कलबूत चांगलं नव्हतं," ते म्हणाले.

"पुढून चांगलं आहे."

"पुढून!" त्यांनी कापड सोडलं. "आयुष्यात एकदा तुम्ही काही नाही म्हणालात, आणि तेही मेल्या पायानं!"

"पाय मेलेला नाही, बधिर झालाय. आणि ओरडू नका, मला इन्सुलिन लागलंय."

"सुई?" त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे शेवटचं?"

"काही शेवटचं नाही. सगळ्यांनी मला पोचवायची तयारी केलीय. ती सिस्टर म्हणते, व्यवस्थित घेतलं तर तुमच्या तेराव्याला मी चालत येईन."

मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्यांनी कलबुताच्या टाचेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. लाकडावर त्यांचा अंगठा आता चोरासारखा फिरत होता.

मालक आले, त्यांना सांगावं लागलं. ते गाल चोळू लागले. काकूंना त्यांनी घरी जा असं म्हटलं नाही आणि थांबा असंही म्हटलं नाही. "पण मग चालणार कोण?" एवढंच म्हणाले.

माप सगळ्यांचं बघितलं गेलं. बसलं ते शिलाईवाल्या वहिनीला. ती आधी नाहीच म्हणाली. "मला बसून काम करायची सवय. आणि मला काय कळतंय त्यातलं?" काकूंनीच तिला उठवलं, जोडा पायात घातला, मागून बोटानं सारखा केला.

"चाल."

वहिनी गोदामापर्यंत गेली, जिना चढली, उतरली.

"चावतोय."

"कुठे?"

"चावतोय म्हणजे चावतोय, काकू! मागे."

"मागे म्हणजे टाच केवढी मोठी आहे. वरची कड की खालची? घासतंय की रुततंय? थांब, बोलू नकोस. डोळे मीट. वजन डाव्यावर टाक. आता उजव्यावर."

वहिनी डोळे मिटून उभी राहिली. कारखान्यातली यंत्रं एकेक करून बंद झाली होती. मास्तर कानस हातात घेऊन उभे होते.

"वरच्या कडेला," वहिनी सावकाश म्हणाली. "अजून दुखत नाहीये. पण... गरम वाटतंय."

"गरम?"

"हो. तेवढीच जागा गरम. आता दुखेल असं वाटतंय, पण दुखत नाहीये अजून."

काकू गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी चावणं ओळखलं होतं, काचणं ओळखलं होतं, सलणं ओळखलं होतं. चावण्याच्या आधी जागा गरम होते हे त्यांच्या पायानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्यांनीच दुखायची वाट पाहिली असेल.

त्यांनी वहिनीच्या टाचेच्या वर हाताचा पालथा भाग टेकवला, ताप बघतात तसा. हाताला अजून सगळं कळत होतं. कातडी खरंच गरम होती.

"मास्तर, इकडे या. इथे हात लावून बघा."

मास्तर आले, वाकले, त्यांनी हात लावला. मग कलबुताच्या त्याच जागेवर पेन्सिलीनं खूण केली.

"अजून एक फेरी मार," काकू वहिनीला म्हणाल्या. "आणि सांग, आणखी कुठे गरम होतंय."